आयता आवाज

अमेरिकेतल्या टॉक रेडिओचा इतिहास बहुतेक वेळा रश लिंबॉ या निवेदकापासून सांगितला जातो, आणि त्यामुळे हा धंदा मुळात गावापुरता होता हेच विसरायला होतं. सेंट लुईसच्या केएमओएक्स केंद्राने १९६० मध्ये दुपारची गाणी काढून त्या जागी पाहुणे आणि श्रोत्यांचे फोन आणले. सॅन फ्रान्सिस्कोचं केजीओ तर स्थानिक निवेदकांच्याच जोरावर जवळपास तीस वर्षं आपल्या परिसरात पहिल्या क्रमांकावर राहिलं. फोन करणारा आणि उत्तर देणारा दोघंही एकाच पुलावरून कामाला जाणारे असत. माझ्या मते टॉक रेडिओचं खरं भांडवल तेच होतं, आणि अडचणीतल्या केंद्रांनी खर्च वाचवताना नेमकं तेच विकलं.

अडचण खरी होती, हे आधी मान्य करायला हवं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एफएमचे श्रोते एएमपेक्षा जास्त झाले. संगीत तिकडे गेलं आणि एएमकडे उरलं ते बोलणं. १९८७ मध्ये वादाच्या विषयांवर दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन सरकारी आयोगाने उठवलं आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिंबॉचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. व्यवहार साधा होता: केंद्राने पैसे द्यायचे नाहीत, फक्त दर तासातली जाहिरातींची काही मिनिटं कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीला द्यायची. उरलेली मिनिटं गावातल्या मोटार विक्रेत्याला विकायला मोकळी. आकाशवाणीच्या श्रोत्यांना सहक्षेपण नवं नाही, पण इथे त्यामागे सरकार नव्हतं, निव्वळ हिशेब होता. दुपारचे तीन तास फुकट भरले, की दुपारचा निवेदक, त्याचा निर्माता, फोन घेणारा मुलगा, सगळेच जड वाटू लागतात.

लिंबॉने एएम वाचवलं, असं या धंद्यातले लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. त्याच्या तोडीचा वक्ता छोट्या गावाला कुठून परवडणार? पण तेच तीन तास शेजारच्या शहरातल्या केंद्रावर आणि पुढे इंटरनेटवरही मिळू लागले, तेव्हा श्रोत्याने याच केंद्राकडे थांबावं याला कारण उरलं नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: केजीओ स्थानिक असूनही कोसळलंच की! खरं आहे, श्रोते वयस्क होत होते आणि एएमची घसरण त्यालाही चुकली नाही. तरीही डिसेंबर २०११ मध्ये नव्या मालकांनी बहुतेक निवेदक एका फटक्यात काढले, त्यानंतर ते केंद्र पुन्हा सावरलं नाही. २०२२ मध्ये तिथे खेळांवरच्या सट्ट्याचे कार्यक्रम आले.

माणसं कमी केल्याचा परिणाम एरवी दिसत नाही, संकटात दिसतो. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातल्या मायनॉटजवळ मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. गावातली सहाही व्यापारी केंद्रं क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीची होती. केंद्रात फोन उचलला जाईना, असं पोलिसांचं म्हणणं. माणूस होता, पोलिसांनाच इशारा यंत्रणा वापरता आली नाही, असं कंपनीचं. दोष वाटून घ्यायचा तर दोघांचा असेल. पण ज्या केंद्रात रात्री चार माणसं बोलत असतात, तिथे हा वाद उभाच राहिला नसता. त्या रात्री एक जण दगावला.

पण म्हणून मोठ्या कंपनीलाच दोष देणं मला पटत नाही. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूएल बोलत राहिलं, आणि तेही एका साखळी कंपनीचंच होतं. पाण्याने वेढलेली माणसं फोन करत होती, आणि कुठली गल्ली कुठे संपते हे ठाऊक असलेले निवेदक त्यांना उत्तर देत होते. महापौर रे नेगिन मदतीसाठी संतापून बोलले ते याच केंद्रावर. थोड्याच दिवसांत शहरातल्या स्पर्धक केंद्रांनी एकत्र प्रक्षेपण सुरू केलं. त्यात क्लिअर चॅनेलची तिथली माणसंही डब्ल्यूडब्ल्यूएलच्या निवेदकांशेजारी माइकसमोर बसली होती.