व्यसनी, परागंदा पित्याचा मुलांवरील हक्क

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ नुसार अपत्याचा नैसर्गिक पालक पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता. पिता व्यसनापायी वर्षानुवर्षे परागंदा असला, तरी तो हयात असेतो पालक तोच, असा अर्थ दीर्घकाळ लावला गेला. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा खुलासा केला. अपत्याविषयीची संपूर्ण बेपर्वाई हीदेखील अनुपस्थितीच ठरते.

भेटीचा प्रश्न मात्र निराळा. केवळ मद्यपानाच्या आरोपावरून न्यायालय भेट सहसा सर्वस्वी नाकारीत नाही. मुक्कामास मनाई करून ती न्यायालयाच्या आवारात, देखरेखीखाली ठेवता येते. त्यासाठी पुरावा हवा: उपचारांची कागदपत्रे, पोलीस तक्रारींच्या प्रती आणि पित्याने चुकविलेल्या भेटींची तारीखवार नोंद. ही नोंद ठेवण्याचे नेमके राहून जाते!

घटस्फोटाचा दावा चालू असल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करावा. अन्यथा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल राहते तेथील न्यायालयात. भेटी मर्यादित झाल्या तरी मुलाच्या निर्वाहखर्चातून पित्याची सुटका होत नाही. ताब्याचा आदेशही अंतिम नसतो. व्यसनातून सावरलेला पिता त्यात बदल मागू शकतो.