कोणत्या साली? कुठे?

कारखान्याच्या चौकशी समितीवर मी साक्षीदाराला आधी वेळ विचारतो, मग जागा. एखाद्याची नोकरी त्या उत्तरावर टांगलेली असते. ही रीत मी हदीसच्या अभ्यासकांकडून उचलली.

हिजरी दुसऱ्या शतकात उमर इब्न मूसा नावाचा रावी सीरियातल्या हिम्सच्या मशिदीत आला. "तुमच्या नेक शेखकडून ऐकलंय," असं तो सारखं म्हणे. उफैर इब्न मअदान यांनी विचारलं, हे शेख कोण? खालिद इब्न मअदान. भेट कोणत्या साली? १०८. कुठे? आर्मेनियाच्या मोहिमेत. उफैर यांनी त्याला तिथंच पकडलं: खालिद तर १०४ मध्येच वारले, आणि आर्मेनियात ते कधी लढलेच नव्हते, रूमींशी लढले होते.

उफैर यांनी साल आपण सुचवलं नाही, त्याच्याच तोंडून येऊ दिलं. (आमच्याकडे प्रश्नातच तारीख घालून देतात!) रावींच्या वफातीची सालं याच कामासाठी नोंदली जात.

पण साल जुळलं म्हणजे झालं का? दोघे समकालीन असले आणि भेट शक्य असली की इमाम मुस्लिम यांना पुरे; इमाम बुखारींना भेट झाल्याचा पुरावा लागे. चौकशीत मी बुखारींच्या बाजूचा. साक्षीदार त्या पाळीत हजर होता एवढंच मस्टर सांगतं, त्यानं पाहिलं की नाही ते त्यालाच विचारावं लागतं.