सेव्ह केलेली फाइल जाते कुठे

संगणकावर तयार केलेली फाइल मुळात कुठे साठावी, हे बहुधा वापरणारा ठरवत नाही. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने ते आधीच ठरवलेले असते. ही ठरलेली जागा आजवर दोनदा बदलली. आधी ती दूरच्या सामायिक यंत्रात होती, मग टेबलावरच्या संगणकात आली आणि आता पुन्हा दूर, कंपन्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, चालली आहे. फाइल आपल्याच संगणकात ठेवणे ही मूळची रीत समजली जाते. प्रत्यक्षात ती मधल्या तीसेक वर्षांची आहे.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी आपापल्या टर्मिनलवरून वापरायचा, अशी ही व्यवस्था होती. टर्मिनलमध्ये काहीच साठत नसे; सगळ्यांच्या फाइली मध्यवर्ती यंत्रात. एकाच्या फाइली दुसऱ्याने उघडू नयेत म्हणून पासवर्डची सोय झाली. १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल होऊन स्वागताच्या संदेशाऐवजी पासवर्डांची अख्खी यादीच लॉग-इन करणाऱ्यांसमोर छापून येऊ लागली. दुसऱ्याच्या यंत्रात ठेवलेल्या फाइलींची धास्ती क्लाउडपेक्षा बरीच जुनी आहे, ती अशी.

पर्सनल कॉम्प्युटरने हे चित्र उलटे केले. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत फाइली फ्लॉपीवर जात आणि फ्लॉपी खिशातून घरी. १९८३ च्या पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपींसाठी असल्याने तिला ‘सी’ मिळाले, ते फ्लॉपी नाहीशी झाल्यावरही टिकले. त्या पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीत आपण ज्या डिरेक्टरीत असू तिथेच फाइल पडे, त्यामुळे ती नंतर शोधत बसावे लागे. विंडोज ९५ च्या काळात ‘माय डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर आला आणि ठरलेल्या जागेला प्रथमच ठळक नाव मिळाले.

भारतात मात्र अनेकांनी ही जागा मानली नाही. विंडोज बिघडले की दुरुस्ती करणारा ‘सी’ ड्राइव्ह फॉरमॅट करी आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ त्याच ड्राइव्हवर असे. म्हणून हार्ड डिस्कचे भाग पाडून महत्त्वाचे सगळे ‘डी’मध्ये ठेवण्याची सवय लागली. मराठी डीटीपीवाल्यांची अडचण आणखी वेगळी होती. श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. त्यामुळे छापखान्यात फाइलीबरोबर फॉन्टही न्यावा लागे. फाइल हाती असणे आणि ती वाचता येणे या दोन गोष्टी आहेत, हे युनिकोड रुळेपर्यंत मराठीत पुरेपूर अनुभवास आले.

फाइली पुन्हा दूर नेण्याचा एक प्रयत्न ओरॅकलने १९९६ च्या सुमारास केला. हार्ड डिस्क नसलेला स्वस्त ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ टेलिफोनच्या तारेवरच्या संथ इंटरनेटमुळे चालण्यासारखा नव्हता. ॲपलने २००० मध्ये आयडिस्क या ऑनलाइन साठवणीत २० मेगाबाइट जागा देऊ केली. २००४ मध्ये जीमेलने १ गिगाबाइट दिल्यावर स्वतःलाच ईमेल करून फाइल जपणे सोपे झाले. खरी वाट ड्रॉपबॉक्सने २००८ मध्ये काढली: फोल्डर संगणकातच, त्याची प्रत सर्व्हरवर, आणि दोन्हींचा मेळ आपोआप. यात काहीच सोडावे लागत नव्हते, म्हणून लोकांनी ते स्वीकारले.

पुढचा बदल लोकांनी मागितला असे म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २०१३ मध्ये खात्यात साइन-इन केले की सेव्ह करताना आधी स्कायड्राइव्ह, म्हणजे आजचे वनड्राइव्ह, पुढे येई. संगणकच हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीवर खूण करावी लागे. ॲपलच्या मॅकओएस सिएराने २०१६ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडवर नेण्याची सोय केली. २०१७ मध्ये ऑफिसमध्ये आपोआप सेव्ह होण्याची सोय आली, पण ती फक्त वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटवरच्या फाइलींना. वीज गेल्यावर तासाभराचे टंकन गमावलेल्यांना हे आमिष मोठेच होते. त्याच वर्षी विंडोजमध्ये फाइलचे नाव संगणकात दिसते, पण मजकूर सर्व्हरवर असतो, अशी व्यवस्था आली. इंटरनेट नसेल तर ती फाइल उघडत नाही.

जागेच्या अटीही कंपनीच्याच हाती राहिल्या. ऑफिसच्या वर्गणीदारांना २०१४ मध्ये जाहीर केलेली अमर्याद साठवण मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये मागे घेतली आणि फुकटची जागा १५ वरून ५ गिगाबाइटवर आणण्याचे ठरवले. ती भरली की जास्तीच्या जागेसाठी वर्गणी भरावी लागते. सेव्हची जागा बदलण्यामागचे व्यापारी गणित इथे उघड दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, विंडोजवरील वर्डमध्ये नवा दस्तऐवज तयार होताच क्लाउडवर साठेल आणि त्याला तारखेचे नाव मिळेल. ही सोय आधी चाचणी घेणाऱ्यांना देण्यात आली. ती बंद करण्याचा पर्याय वर्डच्या ‘सेव्ह’ सेटिंगमध्ये आहे.