नळाचे पाणी आणि दुबळे हृदय

मंडळी, या कथेचा आरंभ एका चुकीपासून होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत असत. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. पण पुढल्याच वर्षी त्यांना जाहीर सांगावे लागले, की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, नळाचे होते! शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात थंडावले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम, म्हणजे आपल्या चुन्यातलेच मूलद्रव्य, धडधडीला अवश्य असल्याचे असे उघडकीस आले. त्यांची ही कबुली मला शोधाइतकीच मोलाची वाटते.

हृदयाच्या पेशीत या कॅल्शियमची कोठी असते. ती उघडली की पेशी आवळते. सांडलेले कॅल्शियम पुन्हा कोठीत भरले की ती सैल पडते. भरण्याचे काम करणाऱ्या पंपाला शास्त्रज्ञ 'सर्का-२ए' म्हणतात. दुबळ्या हृदयात नेमका हाच कमी पडतो. मग पेशी धड आवळत नाही, धड सैलावत नाही.

तेव्हा पंप घडविणारे जनुकच पेशीत घातले तर? १९९९ साली रॉजर हज्जार व सहकाऱ्यांनी निकामी मानवी हृदयांतून काढलेल्या पेशींत ते विषाणूवाटे पोचविले, आणि पेशी जोमाने आवळू लागल्या. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत दुसऱ्या एका विकारावरील जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला. पुढली पावले जपूनच पडणार होती.

हृदयासाठी वेगळा, सौम्य विषाणू निवडला गेला. तो नळीवाटे हृदयाच्या रोहिण्यांत सोडीत. २०११ साली ३९ रुग्णांवरील चाचणीचे निकाल आले. मोठी मात्रा मिळालेल्यांची प्रकृती आशा वाटावी इतकी बरी होती. मग २५० रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली. २०१५ साली तिचा निकाल लागला: औषध मिळालेले आणि नुसता निरुपद्रवी द्रव मिळालेले, यांच्यांत फरकच नाही!

असे का झाले? ज्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीच होती, त्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे तो दोष नव्हे. पुढे काही रुग्णांच्या हृदयाचे ऊतक तपासता आले. त्यांत धाडलेले जनुक अगदीच थोडे सापडले.