‘कुंकू’ : एक बोलपट आणि कायद्यांतील एकच दार

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ हा बोलपट १९३७ सालीं पडद्यावर आला. १९२९ सालीं कोल्हापुरास स्थापन होऊन पुढें पुण्यास स्थायिक झालेल्या या कंपनीची कीर्ति तोंपर्यंत मुख्यत्वें पौराणिक कथा आणि संतचरित्रें यांवर उभी होती. या वेळीं दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीं देव, राजे व संत बाजूस सारून एका वकिलाचें घर निवडलें. कथा नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली होती. हिंदी आवृत्ति ‘दुनिया न माने’ या नांवानें निघाली.

पोरकी नीरा मामाच्या आश्रयानें वाढलेली. पैशाच्या लोभानें तिला फसवून काकासाहेब नांवाच्या वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधण्यांत येतें. आक्रोश करून नशिबास बोल लावणाऱ्या नायिका मराठी रंगभूमीनें पुष्कळ पाहिल्या होत्या. नीरा तसें कांहीं करीत नाहीं. ती त्या घरांत राहते, आणि काकासाहेबांना पति मानण्यास साफ नकार देते. सावत्र मुलगा अतिप्रसंग करूं पाहतो, तेव्हां ती छडी उचलून त्याची चांगलीच संभावना करते. तिचा पक्ष घेते ती काकासाहेबांची मुलगी. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनीं केली. पुढें संततिनियमनाच्या प्रचारकार्यानें त्यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें. सावत्र आई आणि वयानें तिच्याहून मोठी सावत्र मुलगी यांची मैत्री हें या बोलपटांतील सर्वांत अपूर्व नातें होय. त्याची व्हावी तितकी चर्चा झाली नाहीं.

विषय मात्र नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘संगीत शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतही लोभी बाप, जरठ वर आणि कोवळी मुलगी आहेत. परंतु शारदेचें लग्न सगोत्राची अडचण निघाल्यामुळें मोडतें. म्हणजे संकट बोहल्याशींच टळतें. ‘कुंकू’ मध्यें अक्षता पडून गेल्या आहेत. शारदेची कथा जेथें थांबते, तेथून नीरेची सुरू होते, आणि म्हणूनच ती अधिक बिकट आहे. लग्न मोडणें एक वेळ सोपें. झालेल्या लग्नांतून बाहेर पडावें कसें?

१९३७ च्या कायद्यापाशीं या प्रश्नास उत्तर नव्हतें. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीसाठीं १४ आणि मुलासाठीं १८ वर्षांची मर्यादा घातली होती. नीरा त्या मर्यादेच्या पलीकडची, आणि वधूवरांच्या वयांतील अंतराविषयीं कायदा मौन पाळून होता. कित्येक जातींत रूढीनें काडीमोड चाले, त्यानंतर पाटही लागे. ज्यांना मागासलेले म्हणून हिणवीत, त्यांच्या घरीं असलेली ही सोय पांढरपेशांच्या घरीं मात्र नव्हती. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं घटस्फोटाचा कायदा केला होता. परंतु इंग्रजी मुलखांतील पुण्यामुंबईच्या बाईला त्याचा काय उपयोग? नकार देणाऱ्या स्त्रीचें काय होतें, तें रखमाबाईंच्या खटल्यानें महाराष्ट्रास पूर्वींच दाखविलें होतें. नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बस, असा निकाल १८८७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें दिला. पुढच्या वर्षीं पैसे देऊन तडजोड झाली, तेव्हां तें प्रकरण मिटलें.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे बोलपटाचा बहुचर्चित शेवट उलगडतो. केशवराव दाते यांनीं रंगविलेले काकासाहेब खलपुरुष नव्हेत. फुटक्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून आपलींच प्रतिबिंबें आपणांस हंसतांना पाहून ते हादरतात. भिंतीवरचें जुनें घड्याळ तर त्यांच्या वयाचें जणू दुसरें रूपच. या बोलपटांत पार्श्वसंगीत नाहीं. दृश्यांत जे आवाज स्वभावतः असतील तेवढेच ऐकूं येतात, त्यामुळें घड्याळाचे ठोके अधिकच बोचतात. हळूहळू त्यांना आपला अपराध कळतो, आणि पत्नी म्हणून आणलेल्या मुलीला ते अखेर कन्या मानूं लागतात. पुनर्विवाह कर, असें पत्र मागें ठेवून ते आत्महत्या करतात.

हा शेवट पळवाट आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि कलेच्या दृष्टीनें तो सर्वस्वीं चुकीचा म्हणतां येणार नाहीं. शांता आपटे यांनीं जिवंत केलेली ही तेजस्वी नीरा म्हाताऱ्याच्या मरणानें सुटावी, हें मनास रुचत नाहीं. पण काकासाहेब वकील आहेत. पत्नीला सोडण्याची त्यांची इच्छा कितीही प्रामाणिक असली, तरी ती अमलांत आणण्याचा मार्ग त्यांच्या पुस्तकांत नव्हता. विधवेला पुनर्विवाह करतां येईल, असें १८५६ च्या कायद्यानें ठरविलें होतें; पति जिवंत असतां त्या स्त्रीला वाट नव्हती. नीरेला मोकळी करावयाची तर तिला आधीं विधवा करणें, एवढें एकच दार कायद्यानें उघडें ठेवलें होतें. काकासाहेब त्या दारानें गेले.

मुंबई प्रांतानें हिंदु घटस्फोटाचा कायदा केला तो १९४७ सालीं, बोलपटानंतर दहा वर्षांनीं. सर्व देशासाठीं हिंदु विवाह कायदा १९५५ मध्यें झाला. त्यांतही एका पक्षानें दुसऱ्याचा कांहीं दोष किंवा व्याधि कोर्टापुढें सिद्ध करणें भाग होतें, आणि या दोघांनीं एकमेकांवर कोणता दोष ठेवावा? उभयतांच्या संमतीनें विवाह संपविण्याची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीनें आली. ‘कुंकू’ पडद्यावर येऊन तेव्हां ३९ वर्षें झालीं होतीं.