घाण गेली कुठे? इंजिनातल्या कार्बनची शंभर वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात जे घाईघाईत निसटलं, ते इथे थोडं नीट मांडलंय.

गाडी सर्व्हिसिंगला दिली की बिलात हल्ली एक ओळ हमखास दिसते: ‘इंजिन डीकार्बनायझेशन’. किंवा काउंटरवरचा माणूस एक छोटी बाटली पुढे करतो, ‘सर, पेट्रोलच्या टाकीत टाका, इंजिन आतून स्वच्छ.’ मग आपण मोबाइल काढून शोधतो, हे खरंच चालतं का? अर्धे लोक म्हणतात कमाल आहे, अर्धे म्हणतात लूट आहे.

आज मला त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायचाय. इंजिनातली घाण निघाली असं म्हणतात, तेव्हा ती जाते कुठे? कारण पेट्रोलमध्ये काहीतरी घालून इंजिन साफ ठेवायची युक्ती आजची नाही. तिला शंभर वर्षं झाली. आणि या शंभर वर्षांत सगळ्यात यशस्वी ठरलेल्या ‘क्लीनर’ने इंजिन खरोखर चकाचक ठेवलं. फक्त त्यातून निघालेली घाण जगभरातल्या लहान मुलांच्या रक्तात गेली.

खरवडण्याचा जमाना

आधी थोडं बेसिक. पेट्रोल जळतं, पण सगळं पूर्ण जळत नाही. त्यातले जड भाग आणि पिस्टनच्या बाजूने वर आलेलं थोडं ऑइल उष्णतेने करपतं आणि धातूवर चिकटतं. कढईच्या बुडाला जसा काळा थर चढतो ना, तसंच. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, स्पार्क प्लगवर.

हा थर वाढला की दोन गोष्टी होतात. सिलिंडरमधली जागा कमी होते, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. आणि थराचे तुकडे निखाऱ्यासारखे तापून राहतात, त्यामुळे पेट्रोल ठिणगीची वाट न बघता भलत्या वेळी पेटतं. चढावर इंजिनातून जो ‘टकटक’ आवाज येतो, ते नॉकिंग. त्याच्या कारणांपैकी हे एक.

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा यावर उपाय एकच होता: इंजिनाचं हेड उघडा आणि खरवडा. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकातच कार्बन कसा काढायचा ते लिहिलेलं असायचं. इंग्लंडमध्ये या कामाला ‘डीकोक’ म्हणत आणि काही हजार मैलांनी ते करावंच लागे. हेड उघडायचा कंटाळा आला की लोक रात्री सिलिंडरमध्ये थोडं रॉकेल ओतून ठेवत आणि सकाळी गाडी चालू करून काळा धूर सोडत. आजच्या बाटलीचं हे खापरपणजोबा म्हणा.

आपल्याकडे ज्यांच्या घरी स्कूटर होती त्यांना हे नवीन नाही. १९७२ पासून आकुर्डीत बनायला लागलेली चेतक टू-स्ट्रोक होती, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून जाळायचं. साहजिकच कार्बन भरपूर. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं हे त्या काळी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला येणारं काम होतं. आणि सायलेन्सर चोंदला की मेकॅनिक तो विस्तवावर तापवून आतली काजळी जाळून टाकायचा. गाडीला परत पिकअप यायचा. त्यात रसायनशास्त्र फार नव्हतं, पण एक प्रामाणिकपणा होता: घाण डोळ्यांसमोर निघायची.

नॉकिंगवर औषध मिळालं

आता अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जाऊ. चार्ल्स केटरिंग हे नाव लक्षात ठेवा. कॅडिलॅकला १९१२ मध्ये जो सेल्फ-स्टार्टर आला, तो त्यांच्या कामातून. पुढे ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांना नॉकिंग कायमचं बंद करायचं होतं, कारण नॉकिंग नसेल तर जास्त कॉम्प्रेशनचं, म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन बनवता येतं. हे काम त्यांनी थॉमस मिज्ली या तरुण इंजिनिअरवर सोपवलं.

अनेक रसायनं वापरून बघितल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये मिज्लीला हवं ते सापडलं: टेट्राइथिल लेड. म्हणजे शिशाचं एक संयुग. गॅलनभर पेट्रोलमध्ये जेमतेम ३ घन सेंटिमीटर, आणि नॉकिंग गायब. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. त्याचं नाव ‘इथिल’ ठेवलं. लेड, म्हणजे शिसं, हा शब्दच नावातून गाळला.

पण इथे एक अडचण आली. शिसं जळून त्याचं ऑक्साइड होतं आणि ते तर कार्बनपेक्षाही वाईट चिकटतं. प्लग बंद पडायला लागले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला लागले. एक दुखणं बरं करायला दिलेल्या औषधाने दुसरं दुखणं लावलं.

मग त्यांनी औषधावर औषध शोधलं: इथिलीन डायब्रोमाइड. हे ब्रोमिनचं संयुग शिशासोबतच पेट्रोलमध्ये घालायचं. सिलिंडरमध्ये शिशाचं ब्रोमाइड तयार होतं, ते उष्णतेने वाफ होऊन उडतं आणि सायलेन्सरवाटे बाहेर जातं. इंजिन स्वच्छ! इंग्रजीत अशा रसायनाला जे नाव आहे त्याचा अर्थच ‘सफाई कामगार’ असा होतो. त्यासाठी इतकं ब्रोमिन लागायला लागलं की १९३४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर थेट समुद्राच्या पाण्यातून ब्रोमिन काढायचा कारखाना उभा राहिला.

जरा थांबून याचा अर्थ बघा. शिसं इंजिनात राहिलं असतं तर गाड्या बंद पडल्या असत्या आणि धंदा तिथेच संपला असता. या क्लीनरमुळे ते इंजिनात राहिलं नाही. ते रस्त्यावर आलं. क्लीनर निकामी ठरला असता तर जग वाचलं असतं. तो उत्तम चालला, हीच पंचाईत.

हात धुऊन दाखवले

शिसं विषारी आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, असं समजू नका. स्वतः मिज्लीला १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली होती आणि बरं होण्यासाठी तो फ्लोरिडाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत, जिथे स्टँडर्ड ऑइल हे रसायन बनवत होती, पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि कित्येक इस्पितळात गेले. ड्यूपाँटच्या कारखान्यात तर कामगारांना हवेत नसलेले किडे उडताना दिसायचे, म्हणून त्या इमारतीला ‘फुलपाखरांचं घर’ हे नाव पडलं होतं.

त्याच महिन्याच्या शेवटी मिज्लीने पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतून हात चोळून दाखवले आणि त्याचा वासही घेतला. बघा, काही होत नाही!

१९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी परिषद भरली. हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की कारखान्यातले मृत्यू दिसतात तरी. रस्त्यावरचं शिसं हळूहळू साठेल आणि ते कोणाला दिसणारच नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९२६ मध्ये विक्री परत सुरू झाली आणि पुढची पन्नास वर्षं जगातलं बहुतेक पेट्रोल शिशाचं होतं.

१९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढलंय. आणि पेट्रोलमधलं शिसं कमी व्हायला लागल्यावर, १९७६ ते १९८० या काळात, अमेरिकन लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं सगळ्यात जास्त नडतं. म्हणजे इंजिनातून काढलेली घाण कुठे गेली होती, याचा हिशेब रक्ताच्या तपासणीत सापडला.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये.

साबणाचा जमाना

शिसं गेलं, कार्बन मात्र राहिला. फक्त त्याने जागा बदलली, आणि प्रत्येक वेळी ती जागा आपणच करून दिली.

१९६० च्या दशकात अमेरिकेत धूर कमी करायला क्रँककेसमधल्या ऑइलच्या वाफा हवेत न सोडता परत इंजिनात ओढायला सुरुवात झाली. हवा सुधारली, पण त्या तेलकट वाफांनी कार्बोरेटर चिकट व्हायला लागला. १९८० च्या दशकात कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्टर आले. त्यांची भोकं इतकी बारीक की कणभर थरानेही फवारा बिघडायचा. मग लक्षात आलं की इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरही थर बसतोय. हा थर स्पंजसारखा पेट्रोल शोषतो, म्हणून थंड गाडी सकाळी अडखळते.

उपाय होता डिटर्जंट, अगदी कपड्यांच्या साबणासारखा. त्याच्या रेणूचं एक टोक घाणीला धरतं आणि लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळतं. घाण सुटते आणि पेट्रोलबरोबर जळायला जाते. शेवरॉनने पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, हा प्रकार बाजारात आणला. हा इंजेक्टर आणि व्हॉल्व्हच नाही, तर सिलिंडरच्या आतला थरही कमी करतो. बाटली घेताना लेबलवर हेच नाव शोधा असं जाणकार म्हणतात, ते यामुळे.

अमेरिकेत १ जानेवारी १९९५ पासून सगळ्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट सक्तीचं झालं. परीक्षा मजेशीर होती: बीएमडब्ल्यू ३१८आय गाडी १०,००० मैल पळवायची, व्हॉल्व्ह काढून थराचं वजन करायचं. सरासरी १०० मिलिग्रॅमच्या आत हवं, म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. पण किमान मर्यादा ठरली की धंदा तिथेच येऊन बसतो. बऱ्याच कंपन्यांनी आधी जास्त असलेला डोस त्या किमान पातळीपर्यंत खाली आणला. शेवटी २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या गाड्या बनवणाऱ्यांनीच ‘टॉप टिअर’ नावाचं वरचं प्रमाण ठरवलं.

बाटली जिथे पोचतच नाही

आणि मग परत तोच खेळ. मायलेज वाढवायला डायरेक्ट इंजेक्शन आलं. मित्सुबिशीने १९९६ मध्ये ते रोजच्या वापराच्या गाडीत दिलं, आता आपल्याकडच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये आहे. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. म्हणजे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. ऑइलच्या वाफा मात्र तिथूनच जातात. थर चढत राहतो, आणि टाकीत ओतलेला कितीही भारी क्लीनर तिथे पोचू शकत नाही. उपाय काय? इनटेक मॅनिफोल्ड उघडा आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारा. शंभर वर्षांनी आपण परत खरवडण्यावर आलो! टोयोटासारख्यांनी मग काही इंजिनांत दोन्हीकडे इंजेक्टर दिले.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणतात, एक बग मारला की दोन नवे जन्मतात. इंजिनाचंही तेच आहे. फरक इतकाच, की आमचा बग सर्व्हरवर राहतो, हा कोणाच्या तरी फुप्फुसात जातो.

मग बाटली घ्यायची की नाही? सरळ सांगतो. साध्या पोर्ट-इंजेक्शनच्या गाडीत पीईए असलेला क्लीनर ठरलेल्या प्रमाणात, अधूनमधून घालणं शास्त्राला धरून आहे. डोस वाढवून फायदा नाही. क्लीनरचा थोडा भाग पिस्टनच्या बाजूने उतरून ऑइलमध्ये मिसळतो, म्हणून ऑइल बदलायच्या थोडं आधी वापरा. गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असेल तर इंजेक्टरला उपयोग होईल, इनटेक व्हॉल्व्हला नाही. आणि गाडी नीट चालत असेल, मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल, तर बिलातली ती ओळ बिनधास्त खोडायला सांगा.

आजच्या डिटर्जंटची त्या शिशाशी बरोबरी नाही. यातलं बहुतेक सगळं जळून जातं. पण सवय चांगली म्हणून दोन प्रश्न विचारत चला. हे औषध दुखऱ्या जागेपर्यंत पोचतं का? आणि निघालेली घाण कुठे जाते? दुसरा प्रश्न १९२५ मध्ये हॅमिल्टनबाईंनी विचारला होता. तेव्हा तो ऐकला असता तर पुढच्या पिढ्यांवर उपकार झाले असते.

तुमच्या घरी चेतक होती का? सायलेन्सर कोण जाळायचं? नक्की लिहून कळवा. भेटूया पुढच्या भागात!