ऑपरेशन थिएटरची वीज आणि आपल्या घरचा कूलर

उन्हाळा लागला की अमरावती-अकोल्यात घरोघरी कूलर निघतात, आणि कूलरचा शॉक लागून कोणीतरी दगावल्याच्या बातम्याही येऊ लागतात. तरीही अनेकजण विचारतात, "डॉक्टर, दोन तारांवर कूलर चालतो, मग अर्थिंग कशाला?" याचे उत्तर ऑपरेशन थिएटरच्या इतिहासात सापडते.

पूर्वी भूल देण्यासाठी ईथर वापरत. त्याची वाफ साध्या ठिणगीनेही पेट घेते. आपल्याकडे येणाऱ्या विजेची न्यूट्रल तार ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे फेजची तार यंत्राच्या पत्र्याला टेकली, की जमिनीतून मोठा प्रवाह वाहतो आणि ठिणगी उडते. म्हणून १९४०च्या दशकात अमेरिकेत थिएटरसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आले. त्यातून निघणाऱ्या दोन्ही तारा जमिनीला जोडलेल्या नसतात. परतीची वाटच नाही, तर प्रवाह वाहणार कसा, असा हा हिशेब.

पण वाट पूर्ण बंद होत नाही. तार, तिचे आवरण आणि जमीन मिळून नकळत एक कपॅसिटर तयार होतो. पाइपात रबरी पडदा ताणला तर पाणी पलीकडे जात नाही, पण पडदा मागेपुढे हलतो. पन्नास सायकलची वीज तशीच आवरणाआडून मागेपुढे होते. ही क्षमता फक्त ०.१ मायक्रोफॅरड असली, तरी २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह जमिनीकडे जाऊ शकतो. एक मिलिअँपिअरलाच माणसाला मुंग्या जाणवतात. तार लांब, यंत्रे जास्त, की गळतीही जास्त. जमिनीला न जोडलेल्या मोठ्या वीजवाहिन्यांतील ही गळती जर्मन अभियंते वाल्डेमार पीटरसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच अभ्यासली होती.

म्हणून थिएटरमध्येही यंत्रांच्या धातूच्या भागांना अर्थिंग ठेवलेच, शिवाय गळती वाढली की इशारा देणारे मॉनिटर बसवले. १९५६मध्ये न पेटणारे हॅलोथेन वापरात आले आणि पुढे ईथर मागे पडले. मग नवी काळजी आली: हृदयापर्यंत वायर किंवा नळी घातलेल्या रुग्णाला ०.१ मिलिअँपिअरही घातक ठरू शकतो.

घरी तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही नसतो, मॉनिटरही नसतो. चार्ल्स डॅल्झिएल या अमेरिकन प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले, की साधारण १६ मिलिअँपिअरच्या पुढे सरासरी पुरुषाचा हात तारेवरून सुटत नाही. त्यांनीच १९६१मध्ये गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बनवले. आपल्याकडे त्याच कामाचे उपकरण आरसीसीबी म्हणून मिळते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग दुबळे होते, नेमके कूलरच्या दिवसांत. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका, वायरमनकडून तपासून घ्या. कूलरमध्ये पाणी भरताना फक्त बटण बंद करू नका, प्लग काढा.

कोणाला शॉक लागलाच, तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करा.